मराठी यायलाच हवी. पण आधी कुणाला?

“इथं राहायचं, इथलं खायचं, मग इथली भाषा का नाही बोलायची?” हा सवाल हल्ली हर्सूलमध्ये किराणा दुकानापासून दवाखान्याच्या रांगेपर्यंत ऐकू येतो. विचारणारे आपलेच शेजारीपाजारी असतात. ज्यांच्याविषयी विचारले जाते ते बिहार, उत्तर प्रदेश, झारखंडकडून पोट भरायला आलेले असतात. कुणी फरशी बसवतो, कुणी पीओपीचे काम करतो, कुणी पाणीपुरीची गाडी लावतो, कुणी वाळूज-चिकलठाण्याच्या कारखान्यात ठेकेदाराकडे राबतो. भाडे परवडते म्हणून ते शहराच्या या उत्तरेकडच्या टोकाला खोली करून राहतात. जटवाडा रस्त्याकडे, सावंगीच्या वाटेवर, पिसादेवीच्या बाजूला सकाळी एक चक्कर मारा. चार घरे ओलांडली की बोली बदलते.

या सवालावर दोन तट पडलेले दिसतात. एक म्हणतो, मराठी येत नसेल तर चालते व्हा. दुसरा म्हणतो, देश एक आहे, ज्याला जी भाषा येते ती तो बोलेल, तुम्ही विचारणारे कोण? आम्हांला हे दोन्ही तट सोयीचे वाटतात, खरे वाटत नाहीत. पहिल्याला शिकवण्याचे कष्ट नकोत आणि दुसऱ्याला शिकण्याचे.

आमचे मत आम्ही सुरुवातीलाच सांगून टाकतो. एका गावात राहणाऱ्या माणसांना एकमेकांशी बोलता आले पाहिजे. महाराष्ट्रात त्या बोलण्याची भाषा मराठी असावी, ही अपेक्षा रास्त आहे. परंतु अपेक्षेचे ओझे माणसाच्या ताकदीप्रमाणे वाटले पाहिजे. जो टेबलामागे खुर्चीत बसतो, ज्याच्या सहीने आपले काम होते किंवा अडते, त्याला मराठी यायलाच हवी. जो टेबलापुढे हात जोडून उभा आहे, त्याला मराठी शिकवली पाहिजे. आज नेमके उलटे चालले आहे.

हे शहर वसवले कुणी?

छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीचे औरंगाबाद, हे बाहेरून आलेल्यांनीच घडवलेले शहर आहे. १३२७ मध्ये महंमद तुघलकाने राजधानी दिल्लीहून देवगिरीला आणली आणि देवगिरीचे दौलताबाद केले. त्याच्याबरोबर कारकून, शिपाई, कारागीर, फकीर असे नाना तऱ्हेचे लोक आले. त्यांची बोली इथल्या मराठीत मिसळली आणि तिच्यातून दखनी फुलली. आपला ‘नको’ तिच्यात ‘नक्को’ होऊन बसला, तो आजही शहागंजात ऐकू येतो.

पुढे १६१० मध्ये मलिक अंबरने खडकी हे गाव वसवले. तेच आजच्या शहराचे मूळ. मलिक अंबर कुठला? आफ्रिकेतल्या इथिओपियाचा. गुलाम म्हणून अनेकदा विकला गेलेला. त्या माणसाने इथे नहरीचे पाणी खेळवले. आपण ज्याला परका म्हणतो, त्यानेच गावाची तहान भागवली होती. औरंगजेबाच्या काळात उत्तरेकडून आणखी लोक आले. दखनीला ज्याने मोठेपण दिले तो कवी वली इथलाच, आणि सिराजही इथलाच.

म्हणून “आधी इथे शुद्ध मराठी होती, मग हे लोक आले” असे हर्सूलच्या माणसाला म्हणताच येत नाही. इथली मराठी जुन्या येण्याजाण्यातून घडलेली आहे. कन्नड, सिल्लोड, भोकरदनहून शहरात आलेल्या आपल्याच घरांत वेगवेगळी मराठी बोलली जाते. त्यांतल्या कितीतरी जणांच्या बोलीला शहरातल्या शाळांनी नावे ठेवली आहेत. आपल्या मुलांनी “आलतो, गेलतो” म्हटले की हसणारे मास्तर कुणाच्या आठवणीत नाहीत?

निजामाच्या राज्यात परके कोण होते?

दुसऱ्याला भाषेची सक्ती करण्यापूर्वी मराठवाड्याच्या माणसाने आपल्या आजोबा-पणजोबांची आठवण काढावी. हैदराबाद संस्थानात १८८० च्या दशकात फारसीच्या जागी उर्दू ही राज्यकारभाराची भाषा झाली. प्रजेत तेलुगू, मराठी आणि कन्नड बोलणारेच बहुसंख्य होते. तरीही कचेरी उर्दूत, न्यायालय उर्दूत, वरच्या वर्गांतले शिक्षण उर्दूत. १९१८ मध्ये हैदराबादेत उस्मानिया विद्यापीठ निघाले, त्याचेही माध्यम उर्दूच. भारतीय भाषेतून उच्च शिक्षण देण्याचा तो मोठा प्रयोग होता, हे मान्य केले पाहिजे. मौलवी अब्दुल हक यांनी उर्दूच्या वाढीचे कितीतरी काम आपल्याच शहरात बसून केले, तेही आदराने सांगितले पाहिजे. उर्दू ही भाषा गोडच आहे. दोष भाषेत नव्हता.

दोष कुठे होता? गावचा मराठी बोलणारा शेतमजूर आपल्या जागेवरून एक पाऊलही हलला नव्हता. भाषा सरकारने बदलली आणि तो आपल्याच गावात परका झाला. ज्याच्याकडे जमीन, पैसा, वेळ होता, तो उर्दू शिकला आणि वकील, पेशकार, मामलेदार झाला. ज्याला मराठीचेही अक्षर कुणी दाखवले नव्हते, त्याच्या वाट्याला काय आले? कागदावर काय लिहिले आहे हे विचारण्यासाठी कुणाच्या तरी ओसरीखाली उभे राहणे. आपल्या समाजाने ते उभे राहणे पिढ्यान्‌पिढ्या भोगले आहे.

मग १७ सप्टेंबर १९४८ आला. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात गेला, १ मे १९६० रोजी महाराष्ट्र झाला, १९६४ मध्ये राजभाषा अधिनियम आला आणि मराठी ही राज्याची भाषा झाली. आता पारडे फिरले. कालपर्यंत ज्यांची भाषा कचेरीत चालत होती, त्या उर्दू बोलणाऱ्या गरिबांना अर्ज लिहून घेण्यासाठी दुसऱ्याच्या दारात जावे लागले. नवाबांची मुले इंग्रजी शिकून पुढे सरकली. सायकल दुकानवाला आणि हिमरू विणणारा मागे राहिला.

दोन्ही वेळा भाषा बदलली आणि दोन्ही वेळा तिची किंमत खालच्या माणसाने मोजली. हा धडा आपल्या मातीतला आहे.

बाबासाहेबांचा इशारा

भाषेच्या प्रश्नावर बाबासाहेबांचे नाव दोन्ही बाजूंचे लोक आपापल्या सोयीने घेतात. म्हणून ते काय म्हणाले हे नीट पाहू.

१९४८ मध्ये भाषावार प्रांत आयोगापुढे त्यांनी महाराष्ट्राच्या बाजूने निवेदन दिले. लोकशाही चालायची तर लोकांत आपलेपणा हवा आणि एक भाषा असली की तो आपलेपणा येण्यास मदत होते, असा त्यांचा युक्तिवाद होता. म्हणजे सामायिक भाषेचे मोल त्यांनी नाकारले नाही. परंतु १९५५ मध्ये ‘थॉट्स ऑन लिंग्विस्टिक स्टेट्स’ या पुस्तकात त्यांनी त्याच प्रश्नाची दुसरी बाजू उघडी केली. भाषिक राज्यात एखादी मोठी जात सत्ता बळकावून बसेल आणि लहान समाज तिच्या दयेवर राहतील, ही भीती त्यांनी स्पष्ट मांडली. प्रांतभाषा ही राज्याची अधिकृत भाषा करू नये, तिथे हिंदी असावी आणि तोवर इंग्रजी चालावी, इथपर्यंत ते गेले. मराठवाड्याच्या मागासलेपणाकडे बोट दाखवून त्याचे वेगळे राज्य त्यांनी सुचवले, तेही याच पुस्तकात.

ही सूचना पुढे कुणी स्वीकारली नाही. आम्हीही आज मराठी राज्यकारभाराच्या बाजूचे आहोत, कारण इंग्रजी किंवा हिंदी कचेरीने आपल्या खेड्यातल्या माणसाचे भले झाले नसते. पण त्या सूचनेमागचा इशारा खरा ठरला. भाषा एक असली म्हणून माणसे एक होत नाहीत. याचा पुरावा आपल्याइतका दुसऱ्या कुणापाशी असणार? आपल्या आज्या-पणज्यांना मराठीच येत होती. ज्या विहिरीवर त्यांना पाणी भरू दिले नाही, त्या विहिरीवर “दूर हो” म्हणणाराही मराठीच बोलत होता. त्यांना भाषेचा अडथळा नव्हता, तरी पाणी मिळाले नाही.

आणि भाषेचा दरवाजा कसा बंद करतात हेही बाबासाहेबांनी स्वतः पाहिले. शाळेत त्यांना संस्कृत शिकायचे होते. अस्पृश्य मुलाला शिकवायला शिक्षक तयार नव्हते, म्हणून त्यांना फारसी घ्यावी लागली. संस्कृत त्यांनी पुढे आपल्या कष्टाने मिळवली. “तुला ही भाषा येत नाही” असे म्हणून हिणवायचे आणि शिकायला गेला तर दार लावून घ्यायचे, ही रीत आपल्या ओळखीची आहे. परप्रांतीय मजुराशी आज तीच रीत चालत असेल तर ती आपल्याला तरी ओळखता आली पाहिजे.

सक्ती कुणावर, सूट कुणाला?

आता सध्याचा कायदा आणि व्यवहार पाहू.

सरकारी नोकरांना मराठी यावी यासाठी राज्यात भाषा परीक्षा आहे. परप्रांतातून येणाऱ्या आयएएस अधिकाऱ्यालाही ज्या राज्यात नेमणूक होते तिथली भाषा शिकून परीक्षा द्यावी लागते. ३ फेब्रुवारी २०२५ च्या शासन निर्णयाने सरकारी व निमसरकारी कार्यालयांत मराठीत बोलणे बंधनकारक केले. रिझर्व्ह बँकेच्या सूचनांप्रमाणे बँकांनी छापील अर्ज इंग्रजी-हिंदीबरोबर प्रादेशिक भाषेतही ठेवायचे असतात. २०२० च्या कायद्याने राज्यातील सर्व माध्यमांच्या शाळांत मराठी शिकवणे सक्तीचे झाले. हे सगळे नियम योग्य आहेत. कारण ते खुर्चीवर बसणाऱ्याला आणि शिकवणाऱ्या संस्थेला बांधतात.

पण यांची अंमलबजावणी करायला कोण रस्त्यावर उतरतो? बँकेत गेल्यावर आपल्या म्हाताऱ्या माणसाला समोरचा बाबू मराठीत उत्तर देत नाही, तेव्हा ती बिचारी निमूट परत येतात. मोठ्या कंपनीचा साहेब वीस-वीस वर्षे इथे राहून “थोडा थोडा समझता है” म्हणतो, त्याला कुणी विचारत नाही. विचारले जाते ते रिक्षावाल्याला, भाजीवाल्याला, हमालाला. २०१६ मध्ये राज्य सरकारने रिक्षा परवान्यासाठी मराठीचे ज्ञान आवश्यक करणारे परिपत्रक काढले. मार्च २०१७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ते रद्द केले. २०२५ मध्ये मीरा रोडला मराठीच्या मुद्द्यावरून एका दुकानदाराला चापटा मारल्या गेल्या आणि त्याची चित्रफीत देशभर फिरली. चापट खाल्लेल्या माणसाला मराठी आली का? भीती आली. भीतीने शिकलेली भाषा माणूस संधी मिळताच टाकून देतो.

आणखी एक गोष्ट समाजबांधवांनी लक्षात घ्यावी. उत्तरेकडून येणाऱ्या मजुरांत कितीतरी जण आपल्यासारख्याच अनुसूचित जातींचे असतात. अनुसूचित जातीचा माणूस एका राज्यातून दुसऱ्या राज्यात राहायला गेला तर नव्या राज्यात त्याला त्या जातीच्या सवलती मिळत नाहीत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९९० मध्येच दिलेला आहे. म्हणजे गावाकडचा जातीचा शिक्का त्याच्या अंगावर राहतो, आणि संरक्षण मात्र मागे सुटते. अशा माणसाच्या अंगावर भाषेचा आणखी एक शिक्का आपण मारायचा का?

आणि आपलीही माणसे परप्रांतात जातातच. बीड-जालन्याकडचे ऊसतोड कामगार हंगामात कर्नाटकातल्या कारखान्यांवर जातात. तिथल्या दवाखान्यात एखाद्या बाळंतिणीला “कन्नड येत नाही, चालती हो” म्हटले तर आपल्याला कसे वाटेल? १९८६ मध्ये सीमाभागात कन्नडसक्तीविरुद्ध आंदोलन झाले, पोलिसांच्या गोळीबारात माणसे मेली. तेव्हा महाराष्ट्राने हळहळ व्यक्त केली. बेळगावात जे अन्यायाचे, ते हर्सूलमध्ये न्यायाचे कसे होईल? संविधानाच्या ३५०क या कलमाने भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिक्षणाची सोय व्हावी असे म्हटले आहे. ते बेळगावच्या मराठी मुलासाठी आहे तसेच इथल्या हिंदी आणि उर्दू मुलासाठीही आहे.

कुणी म्हणेल, मग हिंदीच सगळ्यांवर लादा आणि प्रश्न मिटवा. तेही आम्हांला मान्य नाही. १६ एप्रिल २०२५ च्या शासन निर्णयाने पहिलीपासून हिंदी सक्तीची करण्याचा घाट घातला गेला. जूनमध्ये त्यात बदल झाला आणि लोकांच्या विरोधानंतर २९ जून २०२५ रोजी दोन्ही निर्णय मागे घेण्याची घोषणा झाली. आलेल्याने शिकायचे नाही म्हणून राहणाऱ्याच्या सहा वर्षांच्या लेकराने शिकायचे, हा न्याय नव्हे.

तुरुंगाच्या भिंतीआड

हर्सूल म्हटले की बाहेरच्या माणसाला आधी मध्यवर्ती कारागृह आठवते. भाषेच्या प्रश्नाची खरी कसोटी अशा ठिकाणी लागते. १९९८ पासून राज्यातल्या खालच्या न्यायालयांची भाषा मराठी आहे. ते आपल्या सोयीचेच झाले. पण ज्याला मराठी येत नाही असा आरोपी पिंजऱ्यात उभा असेल तर? साक्ष आरोपीला समजत नसेल तर ती त्याच्या समजुतीच्या भाषेत सांगितली पाहिजे, असे फौजदारी कायदा सांगतो. १९६२ मध्ये हरिकिसन विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्थानबद्ध माणसाची सुटका केली होती, कारण त्याला स्थानबद्धतेची कारणे इंग्रजीत दिली गेली आणि ती भाषा त्याला येत नव्हती.

या निकालाचा अर्थ घराघरांत पोहोचला पाहिजे. माणसाचे स्वातंत्र्य, औषध आणि अन्न यांसाठी त्याने आधी भाषा शिकावी अशी अट घालता येत नाही. भाषा शिकायला वर्ष लागते. ताप वर्षभर थांबत नाही.

दाराआडची बाई, दुभाषी झालेले पोर

आता घरातली बाजू पाहू, कारण या प्रश्नावर सभा गाजवणारे ती पाहत नाहीत.

परगावाहून आलेला पुरुष कामावर जातो. ठेकेदार, गवंडी, चहावाला यांच्याशी बोलून सहा महिन्यांत त्याला कामापुरती मराठी येते. त्याची बायको खोलीतच राहते. तिचे जग नळ, दुकान आणि शेजारीण एवढेच. शेजारीण तिच्याशी बोलली नाही तर दहा वर्षे राहूनही ती मुकी राहते. मग लोक म्हणतात, बघा, शिकायचीच इच्छा नाही. अहो, इच्छा कुठून येणार? तिला कुणी “या, बसा” म्हटले आहे का?

अंगणवाडीताई लसीची तारीख सांगते, ती तिला कळत नाही. गोळी ‘उपाशीपोटी’ घ्यायची की जेवून, हे कळत नाही. तिच्या भाषेत त्याला ‘खाली पेट’ म्हणतात आणि आपल्याकडे ‘खाली’ म्हणजे जमिनीकडे. शाळेत बाई सांगतात, “तुमच्या मुलाला शिक्षा केली,” आणि ती आई खूश होते, कारण तिच्या भाषेत शिक्षा म्हणजे शिक्षण! आपण हसतो. पण मुलाला वर्गाबाहेर उभे केले होते हे तिला कळायला चार दिवस लागतात.

सर्वांत वाईट गोष्ट लेकरांची. शाळेत जाणारी नऊ-दहा वर्षांची मुलगी घरात सगळ्यांच्या आधी मराठी शिकते आणि घराची दुभाषी होते. आईला पाळीचा त्रास असो, गाठ आलेली असो, नवऱ्याने मारलेले असो, डॉक्टरीणबाईला ते सांगायला ती पोरगीच मध्ये उभी. जे लेकराने ऐकू नये ते तिला ऐकावे लागते आणि वर दोन भाषांत बोलावेही लागते. आई लाजेने अर्धे सांगते, पोर भीतीने त्यातले अर्धे बोलते, औषध मात्र पूर्ण दिले जाते. त्या आईला दोनशे कामाचे शब्द शिकवले असते तर पोरीच्या खांद्यावरचे ओझे उतरले असते. मराठी शिकण्याचे याहून मोठे कारण आम्हांला दुसरे दिसत नाही. भाषा आली तर बाईला स्वतःच्या दुखण्याविषयी स्वतः बोलता येते आणि नवऱ्याला न विचारता पोलीस चौकीची पायरी चढता येते. म्हणून “त्यांना मराठीची गरज काय?” म्हणणारे उदारमतवादीही आम्हांला पटत नाहीत. तिला मराठीविना ठेवणे म्हणजे तिला नवऱ्याच्या आणि ठेकेदाराच्या हवाली करणे आहे.

इथे आपलाही दोष सांगायला हवा. समोरच्याने मोडके-तोडके “कितीला दिला?” म्हटले की आपण लगेच हिंदीवर उतरतो. आपली हिंदीही धड नसते, तरी उतरतो. मग तो शिकणार कुणाशी बोलून? आणि एकीकडे त्याला मराठी येत नाही म्हणून ओरडणारे आपण आपली मुले इंग्रजी शाळेत घालून त्यांना मराठी अंक वाचता येत नाहीत याचे कौतुक सांगतो. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात दर्जा मिळाला, पेढे वाटले गेले. पण घरात मुलाला मराठी पुस्तक विकत घेऊन देणारे बाप किती?

इतर देशांनी काय केले?

कोकणातले बेने इस्रायली, म्हणजे शनिवार तेली, मराठी बोलणारे ज्यू. १९४८ नंतर ते हजारोंनी इस्रायलला गेले. त्या देशाने आलेल्या प्रत्येकाने हिब्रू शिकावी अशी अपेक्षा ठेवली. पण नुसती ठेवली नाही. १९४९ पासून ‘उल्पान’ नावाच्या भाषाशाळा काढल्या, नवागतांना तिथे महिनोन्‌महिने शिकवले. आपली मराठी माणसे हिब्रू शिकली. आणि मराठीही त्यांनी टाकली नाही. ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिक तिकडून निघत आले.

मात्र गोष्ट इथे संपत नाही. हिब्रू आली तरी तिथल्या धर्मपीठाने त्यांच्या विवाहांवर, त्यांच्या ज्यूपणावर शंका घेतली. त्यांना रस्त्यावर उतरून लढा द्यावा लागला आणि १९६४ मध्ये सरकारला त्यांचा बरोबरीचा दर्जा जाहीर करावा लागला. म्हणजे भाषा शिकल्याने त्यांना भांडता आले. समता मात्र भांडूनच मिळाली.

जर्मनीने २००५ च्या कायद्याने परदेशातून आलेल्यांसाठी सुमारे ६०० तासांचा भाषावर्ग सुरू केला आणि त्याचा मोठा भार सरकारने उचलला. आज आपल्या समाजाचीही मुले-मुली शिक्षण-नोकरीसाठी तिकडे जातात आणि जर्मन शिकतात. त्यांना तिथे शिकायची संधी मिळते, याचा आपल्याला अभिमान वाटतो. हर्सूलमध्ये बिहारच्या मजुरासाठी किती तासांचा वर्ग आहे?

भांड्याचे नाव

मज्झिम निकायात अरणविभंग सुत्त आहे. त्यात भगवान बुद्धांनी भाषेविषयी एक साधी गोष्ट सांगितली आहे. एकाच भांड्याला एका जनपदात एक नाव असते, दुसऱ्यात दुसरे. ‘पाति’, ‘पत्त’, ‘सराव’ अशी नावेच त्यांनी दिली. भिक्खू ज्या जनपदात जाईल तिथले लोक जे नाव वापरतात ते त्याने वापरावे. पण “हेच नाव खरे, बाकीची खोटी” असा हट्ट धरू नये. यात आलेल्याला शिकवण आहे की इथला शब्द शिक. आणि राहणाऱ्यालाही शिकवण आहे की तुझा शब्द खरा म्हणून दुसऱ्याचा खोटा ठरत नाही. विहारात वंदनेला बसतो तेव्हा आपण जी पाली म्हणतो ती आज मराठवाड्याच्याही घरची भाषा नाही आणि कानपूरच्याही नाही. ती दोघांनी शिकलेली आहे, म्हणून दोघांची आहे.

आता करायचे काय? मागण्या मोठ्या नाहीत. महानगरपालिकेच्या शाळा संध्याकाळी रिकाम्या असतात. तिथे आठवड्यातून दोन दिवस तासभर मोफत मराठी वर्ग घ्यावा. बायकांसाठी दुपारी दोन ते चार ही वेळ ठेवावी आणि लेकरे बरोबर आणायला मुभा द्यावी. ज्या कारखान्याला आणि ठेकेदाराला परप्रांतीय मजुराचे हात हवेत, त्याने आठवड्यातला एक तास पगारी शिकवणीसाठी सोडावा. बँकेत, वीज कार्यालयात, रुग्णालयात मराठी न बोलणाऱ्या अधिकाऱ्याविरुद्ध लेखी तक्रार करावी; रिक्षावाल्यावर हात उगारण्यापेक्षा त्याला जास्त हिंमत लागते.

सरकार करेपर्यंत थांबण्याचेही कारण नाही. आपल्या विहारांत जागा आहे, बारावी-बीए झालेल्या मुली आहेत. पहिला धडा व्याकरणाचा नको. दुखतंय कुठे, गोळी कधी घ्यायची, मजुरी किती ठरली, पावती द्या, माझ्या मुलाचे नाव लिहून घ्या, या वाक्यांपासून सुरुवात व्हावी. आणि माता-भगिनींना एक विनंती. उद्या नळावर परगावची बाई भेटली की तिच्याशी मराठीतच बोला, सावकाश बोला आणि ती चुकली तर हसू नका.